उजवीकडे लाकूड होणारी मैना

पत्र: ताई, नमस्कार. मी मुलुंडला राहते, वय ४१, नोकरी बँकेत. दीड वर्षापासून शनिवार-रविवार घोडेस्वारी शिकते आहे. पहाटेची लोकल, दादरला बदलून महालक्ष्मी. मला बहुतेक वेळा मैना नावाची घोडी मिळते. कुमैत रंगाची, अकरा वर्षांची, पूर्वी रेसला पळायची. स्वभावाने गरीब आहे. डावीकडे तिचं वर्तुळ सुरेख होतं, मान लगेच वळते. उजवीकडे मात्र तिचं लाकूड होतं. मान वळत नाही, अंग आत टाकते, वर्तुळाचं अंडं होतं, आणि उजव्या लगामावर इतकी लोंबकळते की रविवारी रात्री माझं मनगट ठणकतं. सर ओरडतात, ‘आतला लगाम घ्या, मान वळवा!’ मी ओढते, ती अजून ताठ होते. बॅचमधला एक जण म्हणतो, ड्रॉ-रेन्स (मान खाली ओढणारे जास्तीचे लगाम) लावा, महिन्याभरात मान खाली येईल. दोष तिचा की माझा? अकराव्या वर्षी घोड्याचं अंग मोकळं होतं का? की मी सरळ दुसरा घोडा मागून घेऊ?
– मुलुंडची एक वाचक

नमस्कार,

दुसरा घोडा मागू नका, निदान तीन-चार महिने तरी. ड्रॉ-रेन्स तर नकोतच, त्याविषयी पुढे लिहिते. आधी तुमच्या एका वाक्याबद्दल बोलू, कारण सगळी गाठ तिथेच आहे. ‘डावीकडे तिचं वर्तुळ सुरेख होतं,’ असं तुम्ही लिहिलंय. मला ते खरं वाटत नाही. डावीकडे तिची फक्त मान वळत असणार.

येत्या शनिवारी एवढं करून बघा. डावीकडे वीस मीटरचं वर्तुळ धरा, साध्या चालीत. तीन फेऱ्या घ्या आणि तिला सुधारायला जाऊ नका, ती कुठे सरकते तेवढं बघा. माझा अंदाज असा की तिसऱ्या फेरीपर्यंत वर्तुळ फुगलेलं असेल. मान डावीकडे छान वळलेली आणि अंग मात्र उजव्या खांद्यातून बाहेर निसटतंय, असं दिसेल. मग दिशा बदला. उजवीकडे ती आत पडते, पण पडते कशावर? त्याच उजव्या खांद्यावर. डावीकडे फिरताना तो खांदा बाहेरच्या बाजूला असतो म्हणून वर्तुळ मोठं होतं, उजवीकडे फिरताना तोच आतल्या बाजूला येतो म्हणून वर्तुळ चेपतं. खोट एकच आहे. तुम्हाला ती उजवीकडेच जाणवते, कारण तिथे हात दुखतो. डावीकडे ती गोड वाटते म्हणून लक्षात येत नाही.

माणसं डावखुरी किंवा उजव्या हाताची असतात, तसा जवळजवळ प्रत्येक घोडा एका बाजूला थोडा वाकलेलाच असतो. मैनेची डावी बाजू आखडलेली दिसते. अशा घोड्याचा डावा मागचा पाय पोटाखाली येण्याऐवजी जरा बाहेर, डावीकडे पडतो. तिथून दिलेला जोर तिरका जाऊन उजव्या खांद्यावर आदळतो. खांद्यावर ओझं आलं की ती टेकायला काहीतरी शोधते, आणि तुमचा उजवा हात तिला आयता सापडतो. तुम्ही ओढता म्हणजे तिला टेकायला आणखी भक्कम आधार देता. तो डावा लगाम तुम्हाला रिकामा, सैल वाटत असेल. त्याचा तुम्ही उल्लेखही केला नाहीत. माझ्या मते खरं काम त्या रिकाम्या लगामाचं आहे.

यात तिच्या आधीच्या आयुष्याचाही वाटा आहे. मुंबईच्या राइडिंग स्कूलमधले बरेच घोडे रेसमधून आलेले थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठीच पैदास केलेल्या जातीचे असतात. महालक्ष्मीचा रेसकोर्स १८८३ पासूनचा. हिवाळ्यात इथे हंगाम चालतो, पावसाळ्यात पुण्याला. या घोड्यांचं शिक्षण दीड-दोन वर्षांच्या वयात सुरू होतं आणि ते सगळं पुढे पळण्याचं असतं. तोंडावर दाब आला की त्याच्यावर टेकून पळायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. जॉकी पाठीवर बसत नाही, रिकिबीत उभा राहून पुढे झुकतो. म्हणजे मैनेच्या पाठीला बसलेला माणूस उचलायची सवय फार उशिरा लागली. तुम्ही लगाम ओढता तेव्हा तुम्ही तिच्या जुन्या भाषेत ‘टेक आणि चल’ असं म्हणता. ती तेच करते. ती आज्ञाधारक आहे, एवढं तरी तिच्या पदरात टाका.

आणि आत पडणं ही खोडी नाही. आषाढीच्या वारीत रिंगण पाहिलंत कधी? एका अश्वावर स्वार असतो, दुसरा माउलींचा, त्याच्या पाठीवर कुणी नसतं. मोकळा घोडा वेगात वळताना मोटारसायकलसारखा आत झुकतो आणि डोकं बहुधा बाहेर ठेवतो. त्याचं काहीच चुकत नाही, निसर्गाने त्याला तसंच वळायला दिलं आहे. सरळ उभं राहून, अंगाला वर्तुळाइतकाच बाक देऊन, पाठीवर माणूस घेऊन वळायचं हे त्याला शिकवावं लागतं. शिकवायचं ते त्याच्या अंगाला झेपेल अशा रीतीने. म्हणून अंग कुठे वाकतं आणि कुठे वाकत नाही, हे थोडक्यात.

घोड्याच्या मानेत सात मणके असतात आणि मान भलतीच लवचिक असते. माशी हाकलायला तो नाक थेट कुशीपर्यंत नेतो. मानेमागे पाठीचे अठरा मणके, त्यांना बरगड्या जोडलेल्या. हा भाग बाजूला फारच थोडा वाकतो. त्यामागचा कमरेचा भाग जवळजवळ वाकतच नाही. आतला लगाम ओढला की वाकते ती मान, आणि तीही बुंध्याशी, खांद्यांसमोर. तिथे मान दुमडली की बाहेरचा खांदा मोकाट सुटतो. तुमच्या डावीकडच्या ‘सुरेख’ वर्तुळात हेच चाललंय.

फ्लेक्शन आणि बाक या दोन गोष्टी इथे वेगळ्या करून घ्या. बॅचमध्ये सगळे हे शब्द एकमेकांत मिसळतात, अगदी शिकवणारेसुद्धा. फ्लेक्शन म्हणजे डोक्याच्या मागे, कानांच्या बुडाशी जो सांधा आहे, तिथे डोकं अगदी किंचित आत वळणं. खोगिरावरून तुम्हाला तिच्या आतल्या डोळ्याची कड आणि नाकपुडीचा काठ दिसला, की झालं. अर्धा चेहरा दिसायला लागला तर ती मान ओढलेली आहे. बाक म्हणजे अख्ख्या अंगाने वर्तुळाच्या रेषेला धरून राहणं: आतला मागचा पाय पोटाखाली येतो, बरगड्या थोड्या बाहेरच्या बाजूला झुलतात, पुढचे आणि मागचे पाय एकाच रुळावरून जातात. फ्लेक्शन हाताने विचारता येतं. बाक हाताने येत नाही, तो तुमच्या पायाने, बसण्याने आणि तिच्या मागच्या पायाने येतो.

तोल म्हणाल तर त्याचीही मांडणी अशीच आहे. उभ्या घोड्याचं साधारण साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. आपल्यासारखं कॉलरबोन त्याला नसतं. पुढच्या दोन पायांच्या मधोमध त्याची छाती स्नायूंच्या झोळीत लटकलेली असते. ही झोळी ताकदवान झाली की छाती दोन खांद्यांच्या मध्ये वर उचलली जाते, आणि ढिली असली की ज्या खांद्याकडे जोर जातो तिकडे ती कलंडते. म्हणून मैनेला तोल शिकवायचा म्हणजे मागच्या पायांना पुढे यायला आणि या झोळीला उचलायला शिकवायचं. तिचं तोंड त्या साखळीतलं सगळ्यात शेवटचं टोक आहे. मला एवढंच सांगायचंय, बाकी सगळं त्याचाच तपशील.

आता तुमच्याकडे येते. दोष कोणाचा, असं विचारलंत. निम्मा तुमचा आहे, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, कारण तो निम्मा तुमच्या हातातला आहे.

तुम्ही लोकलने जाता. गर्दीत दांडीला हात पोचत नाही तेव्हा कशा उभ्या राहता? गुडघे सैल, वजन खाली, गाडी हलली की कंबर हलते आणि डोकं जागेवर राहतं. ज्याला हे येत नाही तो दांडी पकडतो, आणि गाडी वळली की खांद्यातून लोंबकळतो. उजवीकडच्या वर्तुळात तुम्ही दोघी दांडी पकडून उभ्या आहात: तिने तुमचा हात धरलाय, तुम्ही तिचं तोंड. कुणीतरी आधी सोडायला हवं, आणि ते माणसाचं काम आहे.

मोबाइल कुणाच्या तरी हातात द्या आणि मागून व्हिडिओ काढून घ्या. वर्तुळ नको, सरळ रेषेत तुमच्यापासून दूर जाताना. खोगिराची मधली शिवण, तुमचा पाठीचा कणा आणि मैनेचं शेपूट एका रेषेत आहे का बघा. उजवीकडे वळताना बहुतेकांची उजवी कूस चेपते, उजवा खांदा खाली येतो आणि बैठक नकळत डावीकडे घसरते. आपण वळणात आत झुकलो असं आपल्याला वाटत असतं, प्रत्यक्षात वजन बाहेर गेलेलं असतं. मी स्वतः वीस वर्षं उजव्या खांद्याला पर्स लावून प्रवास केला आणि माझी उजवी कूस डावीपेक्षा आखूड झाली. हे मला घोड्यांनी सांगितलं, कारण ओळीने तीन वेगवेगळे घोडे माझ्या हाताखाली एकाच बाजूला ‘कडक’ निघाले. तुम्हीही इतर घोड्यांवर उजवीकडे जड वाटतं का, ते आठवून बघा.

आणि रिकिबी मोजा. आपण सगळे डावीकडूनच चढतो. शाळेच्या खोगिरावर दिवसाला दहा जण डाव्या रिकिबीत वजन टाकून चढतात, त्यामुळे डावा पट्टा हळूहळू ताणून लांब होतो. दोन्ही पट्ट्यांची भोकं एकाच आकड्यावर असली तरी लांबी वेगळी भरते. खोगीर काढलेलं असताना दोन्ही पट्टे शेजारी शेजारी धरून बघा. फरक असेल तर घोड्यांची निगा राखणाऱ्या सईसदादांना विनंती करून ते आलटून पालटून लावा, आणि चढताना जमिनीवरून न चढता ओट्यावर किंवा स्टुलावर उभं राहून चढा. त्याने तिच्या पाठीला पडणारा पीळही वाचतो. अर्ध्या इंचाच्या फरकाने स्वार वर्षभर वाकडा बसू शकतो, आणि त्याच्याखालचा घोडाही.

ट्रॉटमध्ये, म्हणजे दुडक्या चालीत, तुम्ही उठता-बसता तेव्हा कोणत्या खांद्याबरोबर उठता? उजव्या वर्तुळात डावा, म्हणजे बाहेरचा खांदा पुढे जाताना उठायचं. त्याने आतला मागचा पाय जमिनीवर असताना तुम्ही खोगिरात असता आणि त्या पायाशी बोलू शकता. चुकीच्या खांद्याबरोबर उठत असाल तर नेमका तो पाय तुमच्या हातून सुटतो.

आता उजवीकडचं वर्तुळ. हे सावकाश वाचा, मग विसरा, आणि घोडीवर बसल्यावर आठवेल तेवढंच करा.

सुरुवात चालीत. वीस मीटरचं वर्तुळ घ्या आणि त्यावर चार ठिकाणं मनात धरा: दोन कठड्याला चिकटलेली, दोन रिंगच्या मधल्या रेषेवर. एका ठिकाणावरून पुढच्यापर्यंत, एवढंच बघायचं. तुमची नाभी आणि छाती वर्तुळाच्या दिशेला किंचित वळलेली, डोळे पुढच्या ठिकाणावर, मैनेच्या कानांवर नाहीत. उजवा पाय तंगाजवळ (खोगिराच्या पोटपट्ट्याजवळ), लांब, पोटरी हलकेच टेकलेली. डावा पाय टाचेने हातभर मागे नको, चार बोटं मागे पुरे. डाव्या लगामात एक शांत, सतत असलेला संपर्क ठेवा, जसा लहान मुलाचा हात रस्ता ओलांडताना धरतो तसा. आवळायचा नाही, सोडायचाही नाही. उजव्या हाताने स्पंज पिळल्यासारखी बोटं एकदा मिटा. हात मागे नेऊ नका, फक्त बोटं. तिच्या डोळ्याची कड दिसली की त्याच क्षणी उघडा. दिसली नाही तर दोन पावलांनी पुन्हा विचारा. धरून ठेवायचं नाही, कारण तुम्ही धरलं की ती टेकते.

ती आत पडायला लागली तर हात आठवू नका, उजवी पोटरी आठवा. तिचा उजवा मागचा पाय जमिनीवरून उचलला जात असताना पोटरी दाबा. तो क्षण ओळखायला सोपा आहे: चालीत तिचं पोट एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुलतं. पोट डावीकडे गेलं की उजवा मागचा पाय हवेत असतो. तेव्हा दाबलंत तर तो पाय आणखी आत, पोटाखाली येतो. जमिनीवर टेकलेला असताना दाबलंत तर तिला काहीच करता येत नाही, आणि मग आपण म्हणतो घोडी पायाला ऐकत नाही.

हे जमलं की वर्तुळ लहान-मोठं करा. वीस मीटरवरून हळूहळू पंधरावर आणा आणि मग उजव्या पोटरीने तिला पुन्हा बाहेर ढकलत वीसवर न्या, मान जवळजवळ सरळ ठेवून. आत येणं फुकट आहे, ती तशीही येते. सगळा व्यायाम बाहेर जाण्यात आहे. बाहेर जाताना अचानक तुम्हाला डाव्या लगामात वजन जाणवेल, आजवर कधी नव्हतं तसं. त्या क्षणी उजवा हात तिच्या मानेवरून पुढे सरकवा, दोन पावलं लगाम अगदी सैल करा. ती तशीच वर्तुळावर राहिली तर ती स्वतःच्या पायांवर उभी आहे. लगेच आत कोसळली तर तुम्ही तिला धरून ठेवलं होतं. याहून प्रामाणिक परीक्षा मला माहीत नाही, आणि तिला एक पैसा खर्च नाही.

डावीकडे नेमकं उलट. तिथे मान वळवायचीच नाही. तिथे उजवा लगाम आणि उजवी मांडी भिंतीसारखी, बाहेर निसटणारा खांदा अडवायला. डावीकडचं वर्तुळ तुम्हाला पहिल्यांदा कुरूप वाटेल, ती ताठ वाटेल. वाटू द्या.

दोन-तीन आठवड्यांनी यात चाल-ट्रॉट-चाल असे बदल घाला, दर दहा-बारा पावलांनी. बदल करताना लगाम खेचून थांबवायचं नाही. श्वास सोडा, कंबर जड करा, बोटं मिटा, उघडा. असे बदल मागचे पाय जितके पुढे आणतात तितकं दुसरं काही आणत नाही. मग तीन कमानींचा नागमोडी रस्ता, ज्यात प्रत्येक वळणापूर्वी तिला दोन-तीन पावलं अगदी सरळ करायची. जमिनीवर बांबू मांडायला मिळाले तर उत्तम. ट्रॉटला साधारण सव्वा ते दीड मीटर अंतर, घोडीच्या पावलाप्रमाणे थोडं पुढे-मागे. खांदा आत घेऊन सरळ रेषेत चालण्याचा प्रसिद्ध व्यायाम आहे, फ्रान्सच्या गेरिनिएरने १७३३ मध्ये मांडला तो. आजही घोड्याला सरळ आणि मोकळं करायला त्याच्याइतकं चांगलं औषध नाही. पण तुम्ही दोघी त्याच्यापासून वर्षभर लांब आहात. कुणी लगेच करायला लावलं तर नम्रपणे थांबा.

कसं कळेल की बरोबर चाललंय? ती फुरफुरेल. तोंडात ओलसर चघळणं ऐकू येईल. शेपूट ताठ न राहता झुलेल. आणि शेवटी लगाम हळूहळू हातातून सरकू दिलात तर ती नाक पुढे आणि खाली नेत मान लांबवेल, जणू जमीन हुंगायला. सराव संपताना दर वेळी हे करा. डोकं वर झटकून लगाम हिसकावून घेतला, तर आज कुठेतरी आपण जास्त धरलं होतं, असं समजा.

आता ड्रॉ-रेन्स. तंगापासून बिटच्या, म्हणजे तोंडातल्या लोखंडी लगामीच्या, कडीतून ओवून हातात येणारे हे जास्तीचे लगाम कप्पीसारखे काम करतात. तुम्ही एक शेर ओढलं तर तिच्या तोंडावर दोन शेर पोचतं. मान खाली येईल, खरंच येईल, महिन्याभरात नाही, पहिल्याच दिवशी. पण मान खाली येणं आणि पाठ वर येणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मी विशीत ज्या तबेल्यात शिकले तिथे एका सब्जा, म्हणजे करड्या-पांढऱ्या, घोड्याला आम्ही वर्षभर असं बांधून चालवलं. त्याची मान कमानीसारखी दिसायची आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. ज्या दिवशी ते पट्टे काढले त्या दिवशी त्याने डोकं आभाळात घातलं आणि मागचे पाय ओढत पळाला. वर्षभरात तो फक्त तोंडावरच्या दाबापासून पळायला शिकला होता. पुढे तो कानांमागे हात लावू देईना. ते माझ्या हातांनी झालं, त्याची खंत आजही आहे. हे पट्टे ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या, स्पर्धेत चालत नाहीत. त्याच स्पर्धेच्या नियमांत मानेचं सगळ्यात उंच टोक कानांमागे आणि नाकाची रेषा उभ्या रेषेच्या जराशी पुढे असावी, असंच लिहिलं आहे.

२०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक जिंकलं, घोडेस्वारीतलं ४१ वर्षांनी आलेलं सुवर्ण, आणि त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. ती दृश्यं बघून अनेकांना घोड्याची कमानदार मान तेवढी लक्षात राहते. पुन्हा बघाल तेव्हा मान हाताने झाका आणि फक्त मागचे पाय बघा. ती मान तिथून आलेली आहे.

सरांशी कसं बोलायचं, हा तुमचा न विचारलेला प्रश्न. बॅचमध्ये सहा घोडे एकामागे एक फिरत असताना सरांना सहा जणांना सांभाळायचं असतं, त्यामुळे ‘आतला लगाम घ्या’ ही ओरड तोंडात बसते. ते वाईट शिकवतात असं मी म्हणणार नाही. वाद घालू नका. तासाच्या आधी पाच मिनिटं गाठा आणि एवढंच म्हणा, ‘सर, आज सुरुवातीची दहा मिनिटं मला मैनेला उजवीकडे चालीतच काम द्यायचंय, ती खांद्यावर पडते ते बघाल का?’ खांद्याचं नाव काढलंत की ते तुमच्या हाताऐवजी तिच्या अंगाकडे बघू लागतील. आणि महिन्यातून एकदा लंजवरचा तास मागून घ्या: लांब दोर सरांच्या हातात, लगामाला गाठ, रिकिबी वर, तुमचे हात मांडीवर. पंचवीस मिनिटं पुरे. बैठक सुधारायला तेवढ्या वेळात जे होतं ते दहा बॅचमध्ये होत नाही.

मैनेवर इतरही बसतात, मग माझ्या दोन तासांनी काय फरक पडणार, असं तुमच्या मनात येईल. स्नायू बदलायला महिने लागतात आणि इतरांच्या हाताखाली ती पुन्हा टेकेल, हे खरं. पण घोडे माणसागणिक वागणं वेगळं ठेवतात. तुमच्याखाली ती वेगळी चालते हे तुम्हाला सहा-आठ आठवड्यांत कळेल. अकरा हे वय यासाठी मुळीच जास्त नाही.

मुंबईच्या हवेत एक मात्र सांभाळा. घोडा घामाने थंड होतो, आणि इथल्या दमट हवेत घाम वाळत नाही. एप्रिल-मेमध्ये उजवीकडचं काम एकदम सात-आठ मिनिटांहून जास्त नको. मध्ये लांब लगामावर चालवा, नाकपुड्यांचा वेग उतरू द्या. थकलेला घोडा खांद्यावर पडणारच, तिथे शिकवण्यासारखं काही उरत नाही. पावसाळ्यात रिंग निसरडी असेल तर ट्रॉट सोडा आणि चालीत हेच सगळं करा. चालीतला तास वाया गेला असं कुणी म्हटलं तर म्हणू द्या.

शेवटी राहिलेली गोष्ट खरं तर पहिली करायची आहे. मी इथवर जे लिहिलं ते तिला दुखत नाही असं धरून. एका बाजूला ताठ होणाऱ्या घोड्याच्या बाबतीत पशुवैद्याने एकदा तोंड, पाठ आणि पाय बघितलेच पाहिजेत. घोड्याच्या दाढा आयुष्यभर वर येत राहतात आणि बाहेरच्या कडेला धारदार टोकं धरतात. ती गालाला आतून कापतात आणि मग त्या बाजूच्या लगामाला घोडी तोंड देत नाही. दात वर्षातून निदान एकदा बघायचे असतात. नालबंद पाच-सहा आठवड्यांनी येतो का, दोन्ही पुढची खुरं सारख्या उताराची आहेत का, खोगीर तिच्या खांद्यावर एका बाजूला टेकतं का, हे सईसदादांना विचारा. रोज खरारा करणाऱ्या माणसाला ती कुठे अंग चोरते ते नेमकं ठाऊक असतं, आणि त्याला कुणी विचारत नाही. नाकपट्ट्याखाली, नाकाच्या हाडावर, दोन बोटं सहज जातात का तेही बघा.

शनिवारी चढण्याआधी पशुवैद्य कधी येऊन गेले ते आधी विचारून घ्या. मग डावीकडच्या त्या तीन फेऱ्या, आणि मला कळवा वर्तुळ फुगलं की नाही.